खळदकर बाईंचा डबा

रायफल ठाण्यात जमा केली, भाचा म्हणाला,
परवाना बाईंबरोबरच संपला.
उरला तो हा डबा,
बिस्किटांचा, झाकणावर राजवाडा, कडेला गंज.
"यातलं काय विकतं, आणि कितीला?"

नाना पेठेत माझं दुकान आठ बाय दहा.
लेथ एक, भिंगं दोन, ड्रॉवर मोजत नाही.
मी डबा लगेच उघडत नाही, आधी हलवतो.
पितळ वेगळं वाजतं, पोलाद वेगळं,
ॲल्युमिनियम वाजतच नाही, नुसतं कुरकुरतं.

सगळ्यात वर मागची साइट. भाच्यानं मोबाइल पुढे केला:
"जर्मन आहे. तिकडे चाळीस हजार सांगतात."
सांगायला काय जातं.
मी घुंडी कानाशी धरून फिरवली.
जर्मन घुंडी बोटं मोडल्यासारखी वाजते, एकेक क्लिक सुटं.
ही अकराव्याला अडते,
बाराव्याला दोन घरं उडी मारते.
आटे इंची. म्हणजे विलायती, आतली स्प्रिंग बदललेली,
आणि एक स्क्रू तर चक्क शिलाई मशीनचा.
"साडेचार हजार. स्क्रू मूळचा असता तर पाच."
भाचा मनानं तेव्हाच वाकडला परत निघाला होता.

पट्टा: कातडं तडकलेलं, बकलाचे दोनशे.
हातअडणी: रूळ अकरा मिलिमीटरचा हवा,
व्हर्नियर पाव कमी दाखवतो.
कुणीतरी कानस मारून बसवली आहे.
कानस लागली की भाव निम्मा, सहाशेचे तीनशे,
हा नियम मी केलेला नाही.
बटप्लेटचं रबर पाघळून चिकट,
तिच्याखाली दहा पैशाची तीन नाणी,
कडेच्या पाकळ्या घासून गोल केलेली.
बाईंना खांद्याशी तेवढीच जाडी हवी होती.
तीस पैसे. आता तेही चालत नाहीत.

तळाशी फिल्मची डबी, तिच्यात चकत्या.
पुढच्या साइटीत एका वेळी एक बसते,
भोकातून काळं लक्ष्य दिसतं
आणि भोवती पांढरी कड उरते,
उरायलाच हवी, चहूकडून सारखी.
तरणा डोळा बारीक भोक मागतो.
दोन-आठ: जवळजवळ कोरी, एखाद्या मोसमाची.
तीन-दोन: घालून-काढून कडा गुळगुळीत.
तीन-सहा. तीन-नऊ.
चार-दोनला कारखाना थांबला.
बाई नाही थांबल्या.
पुढच्या चार चकत्या तेलाच्या डब्याच्या पत्र्याच्या,
कातरीनं कापलेल्या, भोक रीमरनं वाढवत नेलेलं,
प्रत्येकीवर खिळ्यानं आकडा:
४.४, ४.६, ४.८,
शेवटच्या ५.० मधलं शून्य जरा कललेलं.

"आणि या घरगुती?"
भाव नाही म्हटलं की लोक लगेच हळवे होतात,
म्हणून म्हणालो, दहा रुपये नग, चाळीस.
कारखान्याच्या सात, तीन-चार हरवलेली, संच अपुरा: बाराशे.
बेरीज सहा हजार दोनशे चाळीस.
त्यानं बेरीज परत करून पाहिली. बाईंचाच भाचा.

तो स्कूटर काढत असताना आठवलं,
तो शिलाई मशीनचा स्क्रू मीच दिलेला, ब्याण्णव साली.
तीन रुपये. बाईंनी पावती मागितली होती.
हाक मारावी म्हटलं.
सिग्नल सुटला.

मग दुपारी, गिऱ्हाईक नसताना,
चिमट्यात धरून एकेक चकती डोळ्यासमोर आणली.
समोरच्या गच्चीवर पाण्याची टाकी, काळी, गोल.
तीन-नऊमध्ये कड विरघळून गेली.
चार-चारमध्ये होती, नव्हती.
पाच-शून्यात टाकी मधोमध बसली,
भोवती पांढरं, सगळीकडून सारखं,
आणि मी श्वास धरलाय हे मला उशिरा कळलं.

येत्या श्रावणात मला अडुसष्ट पूर्ण.

वहीत नोंद केली:
चकत्या, घरगुती, तीन नग. विक्रीस.