लाइनवर

दर गुरुवारी साडेचारला, रामबागेत
चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत
आम्ही सातजण, सात प्लास्टिकच्या खुर्च्या
आणि एक कुरकुरता पंखा,
जो किबेबाई मुद्दाम बंद करत नाहीत.

पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
"तुमचा आवाज कसा आहे, काढून दाखवाल?"
बहात्तर वर्षांची बाई मी,
परक्या माणसांत तोंडाने शिट्टी वाजवू?

सुरुवात बोराड्यांनी केली.
माळवा मिलमध्ये अठ्ठावीस वर्षं साच्यावर.
मिलचा भोंगा कधीच गंजून गेला,
यांच्या डाव्या कानात अजून पाळी सुटलेली नाही.
"खटखट नाही हो," म्हणाले,
"खटखटीच्या मागे असायचं ते. स्सस्सस्स."
मग लग्नाच्या बँडमधले इक्बालभाई,
ओठ मिटून, नाकातून एक लांब सूर:
"और बेसुरा है, भिया. सुरात असता तर सोसला असता."
मग कोचिंगची ती पोर, ओवी,
ट्रान्सफॉर्मरसारखी गुणगुणली,
रडली, आणि रडता रडता हसू फुटलं तिला.

मी टेलिफोन एक्स्चेंजात होते. ट्रंक बुकिंग.
एकतीस वर्षं कानावर काळा हेडसेट:
धार, देवास, खांडवा, मनमाड.
लाइन जोडायची आणि मधून बाजूला व्हायचं.
माझा आवाज असा, की
पलीकडे कुणीतरी रिसीव्हर उचललाय
आणि बोलत नाहीये.
हे तोंडाने कसं काढणार?
मी नुसतंच ईईई केलं.
खालून चष्मेवाला ओरडला, "वर काय चाललंय?"

वहीत दोन रकाने आखून दिलेत.
आवाज किती, दहापैकी. त्रास किती, दहापैकी.
सोमवार: आठ, आठ.
मंगळवार: आठ, तीन.
किबेबाईंचं बोट तिथेच थांबलं.
"मंगळवारी कोण आलं होतं?"
कोणी नाही. कैऱ्या किसत होते.

महिन्यातून एकदा एकटीने जायचं असतं.
गटात मी सांगितलेलं, निवृत्तीनंतर सुरू झालं.
ते खोटं.
मुलाने घरचा लँडलाइन बंद करवला, कोण वापरतं म्हणून.
डबा तसाच राहिला, क्रोशाच्या रुमालाखाली.
मी दुपारी उचलून कानाला लावायची.
डायल टोन नव्हता.
आठ-दहा दिवसांनी तो इकडे आला, उजव्या कानात.

वाटलं, आता या काहीतरी समजावतील.
त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.
"हे कुणाला सांगितलं होतंत?"
नाही.
"बरं."

गेल्या गुरुवारी बोराडे आले नाहीत.
त्याच्या आदल्याही नाही.
रिकाम्या खुर्चीवर इक्बालभाईंनी पिशवी ठेवली,
मग उचलून मांडीवर घेतली.
नंबर माझ्याकडे होता. जिन्यातूनच लावला.

उचलला.
बोलेनात.
पलीकडे कुकर, रस्त्यावर भंगारवाला,
आणि एका माणसाचा श्वास.
तो स्सस्स तारेतून येत नाही,
माझा ईईई तिकडे जात नाही,
हे मला ठाऊक आहे, माझा तो धंदाच होता.

"इंदूर बोलतंय," मी म्हटलं, सवयीने.
तिकडून खोकल्यासारखं हसू.
मग पुन्हा काहीच नाही.

तीन मिनिटं झाली. पूर्वी इथे मी आठवण करून द्यायची,
वेळ संपली, वाढवायची का.
जिन्यात उभी राहिले,
कठड्याला टेकून,
मध्येच.