आठ सेकंद

शुक्रवार, सकाळचे सात. सोहारला बंदराच्या रस्त्यामागे
खडीचं मैदान, पिंपं ठेवून आखलेली सीमारेषा.
तिवईवर माझा फोन, फोनवर ओला रुमाल,
आणि दोन सिमकार्डं. दोघांचाही भरवसा नाही.
दशरथ पाष्टे गाडीच्या सावलीत माईक घेऊन,
चेंडू पडायच्या आधीच ओरडतो.

इथून वेलदूरपर्यंत चित्र तुकड्यातुकड्यांनी जातं.
प्रत्येकाला नंबर. काही वाटेत गळतात,
कुठे, ते कुणी सांगत नाही.
पलीकडून फक्त निरोप येतो:
एकेचाळीस हजार एकशे सात नाही पोचला.
परत पाठवतो. तोही गळला तर परत.
पण वेळ टळून पोचला तर कुणी दार उघडत नाही.
अब्बा गेले तेव्हाची माझी रजा
अशीच मंजूर होऊन आली होती.

म्हणून दर पाचांमागे एक जास्तीचा धाडतो,
पाचांची बेरीज पोटात घेतलेला.
एक हरवला तर उरलेले वजा करायचे, सापडतो.
दोन हरवले तर नाही.
यात नवीन काय?
गावी जाणाऱ्या तिघांकडे आम्ही
थोडे थोडे खजूर, थोडं थोडं अत्तर देतो
आणि चौथ्याकडे यादी.

उशीर मात्र मी मुद्दाम ठेवलाय. आठ सेकंद.
घडलेलं आधी साठवायचं, भोकं बुजवायची, मग सोडायचं.
कमी करून पाहिला एकदा:
गोलंदाजाचा हात वरच राहिला
आणि गावातून शिव्या आल्या,
त्या एकही न गळता.

आज इम्तियाज हमदुले सत्तेचाळीसवर.
हलिमाबी पाण्याच्या तांब्याला मोबाईल टेकवून बसली असणार.
कॉलवर तिला नुसतं कपाळ दिसतं त्याचं;
अख्खा, पायांसकट, तो शुक्रवारीच.

वारा सुटला. एक सिम मेलं.
दुसऱ्यावर शंभरात अठरा गळायला लागले
आणि त्याच चेंडूवर मधला स्टंप उडाला.

इम्तियाज पिंपांकडे निघालाय,
बाहीने तोंड पुसत, कुणाकडे न बघता.
माझी बोटं चालूच, पाठव, परत पाठव,
यातला एकही तुकडा हरवू नये म्हणून,
हाही नाही.

तिकडे वेलदूरला
अजून सहा सेकंद, पाच,
तो क्रीजवर बॅट आपटत उभा आहे
नाबाद.