ग्लास

फाटकावर पाटी: पांटग्लास.
वेल्समधली एक घळ, चाळीस गाई,
आणि केंब्रिजहून सहा तास गाडी हाकत आलेली लोवरी.
डबीत कापसावर नखाएवढी पट्टी.

पट्टीतल्या जेलमध्ये चांदीचे थर,
एकमेकांपासून केसाच्या शतांशावर,
आणि थरांमध्ये मुरवलेलं विकर,
ज्याला पेनिसिलिनखेरीज कशाशीच देणंघेणं नाही.
ते भेटलं की फोडतं. आंबटपणा सुटतो,
जेल अंग चोरतं,
थर जवळ सरकतात
आणि हिरवा उजेड निळा होऊन परततो.
ना तार, ना बॅटरी.

तिचा मामा टेग्विन उपड्या बादलीवर बसलेला.
पहिल्या कपात पट्टी हिरवी राहिली.
दुसऱ्यात हिरवी.
तिसरा कप ब्रिथेनचा, कबऱ्या गाईचा.
पाच मिनिटं काहीच नाही.
मग कडेकडेनं निळं चढत गेलं.
"बघ, बदलला रंग!"
मामानं चष्मा शर्टाला पुसला,
पट्टी खिडकीकडे धरली.
"ग्लास होती," म्हणाला. "ग्लासच आहे."

त्याच्या बोलीत गवत ग्लास, आभाळही ग्लास.
शाळेत हिरव्याला वेगळा शब्द शिकवतात,
पण शाळा सोडून त्याला साठ वर्षं झाली.
मला हसू फुटलं. आमच्याकडे ग्लास म्हणजे
ज्यात दूध देतात तो.
लोवरी हसली नाही.
तीन वर्षं तिनं त्या निळ्यापायी घातली होती.

"दगडी झाली होती तिला," मामा सावकाश म्हणाला,
"मंगळवारी. सुई मीच टोचली.
पायाला पट्टा बांधायचा राहिला."
सकाळची धार मोठ्या टाकीत गेली होती,
बाकी एकोणचाळिसांच्या दुधात.

शेवटची पट्टी आम्ही टाकीत बुडवली.
लोवरी म्हणाली, निळसर. मी म्हणालो, हिरवट.
दाराशी नेली, दिव्याखाली नेली,
तिरकी धरली, पुन्हा सरळ.
त्या रंगाला माझ्या भाषेत नाव नव्हतं,
तिच्या इंग्रजीतही.
त्याच्याकडे होतं, पण तो बघायलाच आला नाही.
त्यानं टाकीचा कॉक उघडला.

दूध अंगणभर पांढरं पसरलं,
मग शेणाच्या खड्ड्याकडे वळलं.
बराच वेळ वाहत होतं.
मांजर आलं; त्यानं बुटानं हुसकलं.

"लाल करता येईल का गं?" त्यानं विचारलं.
"येईल. जेल फुगणारं घ्यावं लागेल."
"मग लाल कर," म्हणाला,
आणि खुंटीवरचा पट्टा घेऊन
ब्रिथेनच्या मागच्या पायाशी वाकला.