एल्डरमन, उरलेल्या मुदतीसाठी

पत्र आलं तेव्हा मी लिंबाचं लोणचं हलवत होते.
मला नगरप्रशासनाचं विशेष ज्ञान आहे
असं शासनाचं मत झालं होतं.
चौतीस वर्षं मी पाणीखात्यात ट्रेसर होते:
दुसऱ्यांनी आखलेल्या रेषांवर पारदर्शक कागद पसरून
त्याच रेषा पुन्हा, काळ्या शाईत.
मुदत सात महिने.
आधीचे भदौरिया वारले म्हणून.

जलविहारच्या सभागृहात शेवटून दुसरी खुर्ची.
खिडकीबाहेर स्वर्णरेखा,
नकाशात नदी, नाकाला नाला.
पाटीवर कागद चिकटवलेला: कु. निखरे.
मी निरखे. र आणि ख यांनी जागा बदलल्या
की नुसती बघणारी बाई हिंदीत एकदम उजळून निघते.
सांगितलं नाही कुणाला.
कागदाच्या कडेने भदौरियांचा भ डोकावत होता.
म्हटलं, असू देत तेही.

'मॅडम, आप बोल सकती हैं,' बाबू म्हणाला,
'बस, हाथ मत उठाइएगा.'

पहिल्याच ठरावाला उठला.
शाळेतला हात तो, त्याला काय कळतंय.
मोजणाऱ्याचं बोट माझ्यापाशी हवेत अडलं,
मग पुढच्या खुर्चीवर जाऊन टेकलं.
मी पदर सारखा केला.

तिसऱ्या बैठकीत जनकगंज निघालं.
टोकाच्या बोळात तिघऱ्याचं पाणी चढत नाही,
नवी लाइन टाका, नवी टाकी बांधा, टेंडर काढा.
मी उभी राहिले.
म्हटलं, तिथे एक व्हॉल्व्ह आहे.
शीट नंबर एक्केचाळीस. पिठाच्या गिरणीसमोर,
पायरीपासून सात फूट, डांबराखाली.
कुणीतरी फोनवर हसत होतं, माझ्यावर नसेल.
कार्यवृत्तात आलं:
'एल्डरमैन ने भी विचार रखे.'

पहाटे चारला हरगोविंद कुशवाह सायकलवरून आला, पहार घेऊन.
पायरीपासून मी पावलं मोजली.
पहार घातली. डांबर, खडी, डांबर.
मग लोखंड वाजलं.
'आपने गाड़ा था क्या?'
नाही रे बाबा, मी फक्त गिरवलं होतं.

आठ दिवसांत बोळात पाणी पहिल्या मजल्याला लागलं.
कुणी बत्तासे आणून दिले.
नवव्या दिवशी दारात राजाबेटी,
खाली कुंभारांच्या उतारावर राहणारी.
हातात रिकामी बादली नव्हती, घड्याळ होतं.
'हमारे यहाँ बारह मिनट कम हो गए, पार्षदजी.'
तिचा हिशेब मी दोन पहाटा तिथे बसून तपासला.
बाराच.

शीट एक्केचाळीस डोळ्यांपुढे आणली.
जिथे तिचा उतार,
तिथे उत्तर दिशेचा बाण होता
आणि साहेबांच्या सहीची चौकट.
घर एकही नाही.
इतकी नीट गिरवलेली ती जागा, रिकामीच.

शेवटच्या बैठकीत विषय आला:
व्हॉल्व्ह अर्धा उघडा ठेवायचा की पाव.
अख्ख्या सभागृहात दोन्ही बोळांचं पाणी प्यालेली मी एकटी,
आणि माझा उजवा हात मी डाव्याने मांडीवर धरून ठेवला होता.
बरं झालं, असंही वाटलं. खोटं कशाला बोलू.
विचारलं असतं कुणी, तर कुठे उचलणार होते मी तो?
विषय पुढच्या बैठकीवर ढकलला.
पुढच्या बैठकीत मी नव्हते.

पाटीवरचा कागद तसाच ठेवून आले.
त्यावर कुणीतरी कुणालातरी चिकटवेलच.
राजाबेटी अजून येते. मुदत संपली म्हणून सांगितलं,
ती घड्याळ पुढे करते.

काल ट्रेसिंगचा जुना रोल काढला,
कडा पिवळ्या पडलेल्या.
उतारावरची घरं मांडते आहे, तिला विचारून विचारून.
पहिल्यांदाच कागदाखाली कुणाची रेषा नाही,
नुसतं टेबल. पेन थरथरतं.
पहिलं घर तिचंच काढलं, जरा वाकडं आलं.
पुसलं नाही.
शाई वाळेपर्यंत
हात तसाच वर धरून ठेवला.