टेस्टची कॅसेट

निनाद वाघचौरे व्हीसीआर घेऊन आला
चादरीत गुंडाळून, आजारी करडू आणावं तसा.
"मावशी, कॅसेट आत घेतो,
तीन सेकंद घरघरतो, मग बाहेर थुंकतो."
म्हटलं, थुंकतोय तोवर बरं.
गिळून बसणारे वेगळे.

त्रिमूर्ती चौकातलं माझं दुकान
पिठाच्या गिरणीला चिकटून आहे.
अकराला गिरणी सुरू होते
आणि टेबलावरचे स्क्रू आपापले चालू लागतात.
म्हणून बारीक काम मी ज्वारीच्या आधी उरकते.

झाकणाचे पाच स्क्रू. सहावा आधीच कुणी हरवलेला.
आत चौतीस वर्षांची धूळ,
झुरळाची अंडी,
बेल्टचं तर डांबर झालेलं.
काडीने खरवडलं, स्पिरिटने पुसलं.
बोटं अजून काळी आहेत, भाकरी मोडताना दिसतात.

दोष मला घरघरीवरूनच कळला होता.
मधलं चाक, कधी या रिळाला टेकणारं, कधी त्या,
त्याचं रबर पापडासारखं कडक.
ते घसरतं, रीळ फिरत नाही,
मशीनला वाटतं टेप तुटली
आणि ती घाबरून सगळं बंद करते.
घाबरट मशिनी मला आवडतात.

जपानहून आता काही येत नाही.
भद्रकालीत शिलाई मशीनच्या दुकानात
बॉबिन भरायच्या चाकाचं रबर मिळतं, दहाला दोन.
चपखल बसतं.
हे मला कुणी शिकवलं नाही,
अंबडला नऊ वर्षं झाळकाम केलं, तिथेही नाही.
ब्लाउज शिवताना सुचलं.

मग हेड.
चकचकीत गोल डबा, काठाला
तांदळाच्या कणीहून बारीक दोन ठिपके.
सगळं चित्र तिथून येतं.
कापड आडवं धरायचं, डबा बोटाने फिरवायचा.
वरखाली घासलं की संपलं.
पूर्वी लोक कोऱ्या नोटेने पुसायचे.
निनादचे वडील तर नाशिकरोडला प्रेसमध्येच;
आठवडाभर छापून आलेला माणूस
रविवारी दहाची एक नोट स्पिरिटमध्ये बुडवायचा
आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची.

तेवढ्यात चिमट्याला काहीतरी लागलं.
कॅसेटच्या ट्रेखाली, स्प्रिंगमागे.
आधी वाटलं एखादा सुटा भाग.
भिंगाखाली धरलं.
दात. दुधाचा.

निनाद बघत राहिला.
मग त्याने जीभ खालच्या दातांवरून फिरवली,
एक्केचाळीस वर्षांच्या माणसाने.
"आई म्हणाली होती कौलावर टाक.
सिडकोत कौलं कुठे होती?"

गिरणी सुरू झाली.

त्याच्याकडे कॅसेट नव्हतीच.
बहिणीकडे आहेत म्हणाला, पुण्याला, बहुतेक.
मी माझी टेस्टची लावली.
एकोणनव्वदचं लग्न, गंगापूर रोडच्या कार्यालयातलं.
शूटिंगचे पैसे कुणी दिले नाहीत, कॅसेट कुणी नेली नाही,
फिरत फिरत माझ्याकडे आली.
भटजी शिंकतात तिथे आवाज तपासायचा.
करवलीचा लाल शालू ओघळू लागला तर रंगाचं सर्किट.
ट्रॅकिंग बिघडलं की नवरीची नथ
घरंगळत खांद्यावर जाते.
मी बटण हळूहळू फिरवते,
नाकावर आणून ठेवते.

आली. बसली.
नवरी नेहमीच्या जागी कॅमेऱ्याकडे बघते
कुणी हाक मारल्यासारखी,
आणि मान वळवते.

"कुणाचं लग्न?"
माहीत नाही.
पंगतीत मठ्ठा कमी पडतो, एवढं माहीत आहे.

साडेआठशे झाले. पन्नास त्याने राहू दे म्हटलं.
दात कागदाच्या पुडीत, व्हीसीआर पुन्हा चादरीत.
बाहेर पडल्यावर गिरणीच्या छपराकडे बघत
जरा वेळ उभा राहिला, ओझं काखेत,
एक हात खिशात.
पत्रा आहे तो, कौल नाही.
मी दुसरं काम पुढे ओढलं.
गिरणीच्या आवाजात
काही पडलं असतं तरी कळलं नसतं.