वरचा आकडा, खालचा आकडा

नंदुरबारच्या पथारीवर मिरची पसरली
की आमच्यात कुणी खोकल्याचं कारण विचारत नाही.
ठसका लागतो, डोळा गळतो,
छातीत जळतं ते तिखटच असणार.
मथाबाईही तेच म्हणाली होती मार्गशीर्षात,
डावा खांदा चोळत:
"मिरचीना ठसका शे व माय, दुसरं काय?"
आणि उरलेलं अर्धं पोतं खुडून घरी गेली.

सकाळी तिची गोणपाटाची बैठक
तशीच, मधोमध जरा दबलेली.

त्याआधी कार्ड काढायला गेलो होतो आम्ही,
एक रोज पाडून.
यंत्रावर अंगठा टेकवला, पदराला पुसला, पुन्हा टेकवला.
मिरचीनं सोललेल्या बोटांवर रेघाच उरल्या नव्हत्या.
पोरगा म्हणाला, मावशी, तुम्ही जुळत नाही.
सहा बायका गेलो, एकही जुळली नाही.
परत येताना सगळ्यांत जास्त मथाबाईच हसत होती.

परवा आशाताई आली, कापडी पिशवीत दुसरंच यंत्र घेऊन.
याला अंगठा लागत नाही, म्हणाली,
नुसता दंड द्या.
सुपडाबाई चपापली, "कसला दंड? काय केलं आम्ही?"
मग कळलं, तेव्हा पोलक्याची बाही वर सारली.
पट्टा फुगला, फुस्स करून बसला.

एकशे सत्तर. खाली एकशे चार.

"खालचं बारदान का वं?
कापून टाक, निव्वळ लिही."
रोज तिन्हीसांजेला काट्यापाशी हेच तर ऐकतो आम्ही.
आशाताई हसली नाही.
सोमवारी उपकेंद्रात ये. गोळी फुकट आहे.
पण रोज घ्यायची,
बरं वाटलं तरी घ्यायची.

बरं वाटलं तरी?
हे मात्र कुणाला पटेना.
बरं वाटलं की बाई कामाला जाते,
गोळी कशाला खाईल?

मंगळवारी सुपडाबाईच्या पदराच्या गाठीत
सुट्या पैशांशेजारी एक पांढरी गोळी निघाली.
ठेच्यात मीठ निम्मं होतं.
पापड तिनं माझ्याकडे सरकवला.
मी घेतला,
आणि आयुष्यात पहिल्यांदा मला पापड खारट लागला.

एवढ्यात ढिगापलीकडे कुणालातरी ठसका लागला.
सगळ्यांचे हात थांबले.
"कोण गं ती? खांदा दुखतो का?"
"नाही वं, तिखट गेलं."
"असेल.
दंड दाखव आधी."