बारा किलो बटाटे

उआराझमध्ये, बाजाराच्या मागच्या चढावर
माझं दुकान आहे, जुन्या सॅकांचं.
परदेशी लोक शिखरं उतरून येतात,
विमानाला वजन जास्त होतं म्हणून
सॅक माझ्याकडे टाकून जातात.
मी खिसे उलटे करून झाडतो.
निघतं काहीबाही: ट्रामचं तिकीट, मेणाचा तुकडा,
एकदा दुधाचा दात, कागदात नीट गुंडाळलेला.
तो अजून ठेवलाय. विकायचं काय त्यात.

सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांचं सामान वर नेलं.
आता कुणी दारातून आत आलं
की चेहऱ्याआधी पाठ बघतो.
नावं विसरतो मी, पाठी पाठ होतात.

मंगळवारी नेलिदा आली,
आईला, एमेतेरियाबाईंना, घेऊन.
लिमाला नर्सिंगला निघालेली पोर.
म्हणाली, एकच परवडेल.
तीत पुस्तकं मावायला हवीत, पांढरे बूट,
रात्रीच्या बसचे आठ तास,
आणि सुट्टीत भावाबरोबर खिंड ओलांडायची झाली
तर तंबूसुद्धा.
बोट गेलं ते थेट वरच्या खुंटीकडे:
निळी, पासष्ट लिटर,
सतरा पट्टे, त्यांतल्या तिघांचं काम
मलाही ठाऊक नाही.

मी टेप काढली.
मान वाकव म्हटलं. मानेचं वर आलेलं हाड,
तिथून खाली कमरेच्या हाडापर्यंत
बेचाळीस सेंटिमीटर.
निळी शिवली होती कुणा ताडमाड माणसासाठी.
तिला ते पटेना.
मग नेहमीचं केलं. कोपऱ्यातलं पोतं ओढलं,
निळीत बारा किलो बटाटे मोजून भरले,
म्हटलं, जा, चर्चपर्यंतचा चढ चढून ये.

आली. बोलली काही नाही.
अंगठे पट्ट्यांखाली खुपसलेले,
खांदे कानांना लागलेले.
कमरेवर बसलं तर ते सामान,
खांद्यावर बसलं तर सावकार.

मग राखाडी काढली, अडतीस लिटर,
तळाला मीच लावलेलं ताडपत्रीचं ठिगळ.
तंबू बाहेरून बांध, म्हटलं, दोऱ्या देतो.
तेच बटाटे. तोच चढ.
या खेपेला परतताना पाववाल्याशी थांबून
ती कशावरून तरी हसली.
मला तिथेच कळलं. तिला अजून कळायचं होतं.

तिनं विचारलं, हिचं बक्कल वाजतं का?
रात्रपाळीला वॉर्डात माणसं झोपलेली असतात.

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
लिटर विचारतात, पाणी शिरतं का विचारतात,
लाल आहे का विचारतात.
मी बक्कल कानाशी धरून हलवलं.
वाजत होतं.
सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून आत बसवला.

एमेतेरियाबाई इतका वेळ दारातच उभ्या.
पाठीवर गाठ मारलेली पट्ट्यापट्ट्यांची चादर,
लिक्ल्या म्हणतो आम्ही.
मी थट्टेनं विचारलं, तुमची किती लिटरची?
"ही होती तेवढी," पोरीकडे न बघता त्या म्हणाल्या,
"आणि वर बटाटे."

निळीचे तिप्पट मिळाले असते.
बायकोनं रात्री ऐकवलंच.

दोघी गावच्या गाडीत बसून गेल्या
आणि मग मला रिकामं पोतं दिसलं.
बारा किलो पाठीवर, आणि पोरीला पत्ता नाही!
मी एकटाच हसत बसलो,
गिऱ्हाईक आलं तरी उठलो नाही.

तीन आठवड्यांनी एमेतेरियाबाई चढ चढून आल्या.
गाठ सोडली, बटाटे तराजूत ओतले.
पिवळे, त्यांच्याच शेतातले, मातीसकट.
साडेबारा भरले.
वरचा अर्धा किलो मी बाजूला काढू लागलो,
तर हात धरला त्यांनी.
"राहू दे. ते बक्कलाचे.
वाजत नाही म्हणते."